गाळणी कोणाच्या हाती?

जे जे लिहिले जाते ते सर्व वाचावयाचे म्हटले तर मनुष्याला एक जन्म पुरणार नाही. वाचनाला गाळणी ही हवीच. प्रश्न एवढाच की, ती धरावयाची कोणी? पूर्वी ती संपादकाच्या हाती असे. प्रस्थापित पत्रांत बहिष्कृतांचा आवाज उमटत नाही असे पाहून १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा त्याची जाहिरातही, पैसे देऊ केले असता, ‘केसरी’ने घेतली नाही. तेच डॉक्टर पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेस जाताना आपल्या दासगाव बंदरात उतरले, हे येथील मुलांस सांगावयास नकोच.

आजची बहुतेक मोठी समाजमाध्यमे एकेका कंपनीची आहेत, आणि काय दाखवावे, काय दडवावे हे ती कंपनीच ठरविते. २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले, तेव्हा रुष्ट झालेल्या पुष्कळ भारतीयांनी मॅस्टोडॉनकडे धाव घेतली. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली सुरू केलेल्या ह्या जाळ्याला एक मालक नाही. निरनिराळ्या लोकांनी चालविलेली हजारो लहानमोठी केंद्रे एका सामायिक पद्धतीने परस्परांस मजकूर पोचवितात. प्रत्येक केंद्राचे नियम वेगळे; शिवाय वाचकास स्वतःची गाळणी मिळते. नको तो शब्द तीत घालावा. तो ज्या मजकुरात येईल तो साफ लपवावा की केवळ इशाऱ्याचा पडदा ओढावा हेही सांगावे, आणि हवी तर तासाची वा आठवड्याची मुदत घालावी. एखादे केंद्रच्या केंद्र आपल्यापुरते बंद करता येते.

हे ऐकून सोपे वाटते; पण मराठीत गंमत आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव-जुईवर डोंगर कोसळला, जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले. समजा, त्या आठवणींनी व्याकुळ होणाऱ्या एखाद्या मुलीने गाळणीत ‘पूर’ हा शब्द घातला. शब्दाचा अंश जुळला तरी लपवावे असे सांगितल्यास पोलादपूर, कोल्हापूर, सोलापूर ही गावेच्या गावे दिसेनाशी होतील. पोलादपूरचा घाट दरडीने बंद झाल्याची सूचनादेखील तिला कळणार नाही. बरे, अखंड शब्द जुळला तरच लपवावे असे सांगितले, तर ‘पुरात’, ‘पुराने’, ‘पुराचा’ खुशाल आत येतील. कारण प्रत्ययापूर्वी ‘पूर’चे सामान्यरूप ‘पुरा’ होते, ऊकार ऱ्हस्व होतो. आणि अशा गाळणीला अक्षरे तेवढी कळतात, व्याकरण नव्हे. मग ‘पुरा’ हा अंश घालावा काय? तर ‘पुरावा’, ‘पुराण’ आणि ‘पुरातन’ यांवरही गदा येते! तेव्हा एकेक रूप स्वतंत्रपणे लिहूनच घालावे लागते. विभक्तीचा तक्ता ज्यांस निरुपयोगी वाटतो, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी घ्यावे. अशा प्रसंगी साफ लपविण्यापेक्षा पडदाच बरा, असे माझे मत आहे. पडद्याआड काय आहे हे उचलून पाहता तरी येते.

ब्लूस्कायने मार्च २०२४ पासून निराळी युक्ती योजिली. तेथे कोणीही मजकुरावर चिठ्ठ्या लावण्याचे काम स्वीकारू शकतो: हा असभ्य, हा फसवा, हा अमुक. कोणाच्या चिठ्ठ्या मानावयाच्या आणि त्या पाहून काय करावयाचे, हे वाचक ठरवितो. येथे गाळणी आपली, परंतु पारख दुसऱ्याची. म्हणून पारख करणारा कोण, हे पालकांनी अगोदर विचारावे.

एक गोष्ट मात्र ह्या दोन्ही युक्त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. सावित्रीचे पाणी चढल्याची खोटी वार्ता मी माझ्यापुरती झाकली, तरी शेजाऱ्याच्या पडद्यावर ती तशीच राहते. तिच्याविषयी केंद्राच्या चालकाकडे तक्रार करावी लागते. आणि पुष्कळ ठिकाणी तो चालक म्हणजे फावल्या वेळात विनावेतन राबणारा एखादा दूरदेशीचा गृहस्थ असतो, ज्याला मराठी वाचता येईलच असे नाही.