दुकानाची अनामत आणि चावीची पावती

गाळा सोडल्यावर अनामत रक्कम परत मिळाली नाही, ही तक्रार व्यापारी बांधवांकडून वारंवार ऐकू येते. घरमालक म्हणतो, भाडे थकले, भिंती खराब झाल्या, आता देणे काही उरले नाही. भाडेकरू म्हणतो, पूर्ण रक्कम द्या. दोघांजवळही कागद नसतो. आम्ही येथे वेरूळचे उदाहरण मुद्दाम घेत आहोत, कारण तेथील धंदा हंगामी आहे. लेणी पाहणारे हिवाळ्यात येतात, घृष्णेश्वराचे भाविक श्रावणात व महाशिवरात्रीला. मंगळवारी लेणी बंद. हिमरू शाली, दगडी मूर्ती, मण्यांच्या माळा विकणाऱ्याचे भांडवल ते किती? त्यातले दीड लाख घरमालकाकडे अडकले की पुढच्या हंगामाचा माल उधारीवर आणावा लागतो, आणि उधारीचा माल कोणत्या भावाने पडतो हे आम्हा कापडवाल्यांना सांगायला नको.

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. मराठीतला ‘अनामत’ हा शब्द म्हणजे आपला ‘अमानत’च. पण अमानत जशीच्या तशी सांभाळून ठेवायची असते. डिपॉझिट तसे कोणी ठेवत नाही. घरमालक त्यातून विहीर खोदतो, मुलीचे लग्न करतो, छत टाकतो. त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. जुन्या भाडेकरूचे पैसे तो नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून देणार असतो. नवा भाडेकरू आला नाही की पैसे थांबतात. म्हणून व्यवहारात हे पैसे घरमालकाकडे असलेले येणेच समजावे, आणि येण्याला जसा लेखी पुरावा ठेवतो तसा येथेही ठेवावा.

पावती न घेण्याची सवय जुनी आहे. मुंबई भागात १९४७ च्या भाडे कायद्याने ठरलेल्या भाड्याखेरीज पागडी वा डिपॉझिट घेणे गुन्हा ठरविले होते. घेणे थांबले नाही, फक्त पावती थांबली. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा वेगळा कायदा होता. या सर्वांच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याने डिपॉझिट घेणे कायदेशीर केले, मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती देणे घरमालकावर बंधनकारक केले आणि करार लेखी व नोंदणीकृत असावा असे कलम ५५ मध्ये सांगितले. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदविला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज या कायद्याखाली चुकीचा आहे. कायदा कोणत्या गावांना लागू आहे हे त्याच्या अनुसूचीवरून ठरते. ग्रामपंचायतीच्या गावातील बांधवांनी ते वकिलाकडून पाहून घ्यावे. लागू नसला तरी नोंदणी फायद्याचीच आहे.

खर्चाची भीती नको. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. भाडे ८,००० रुपये, मुदत ११ महिने, डिपॉझिट एक लाख असे धरा. एकूण भाडे ८८,०००, डिपॉझिटवर दरसाल दहा टक्क्यांप्रमाणे धरलेले व्याज सुमारे ९,१६७, एकूण ९७,१६७. त्याचा पाव टक्का म्हणजे अडीचशेच्या आत. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये. एका चांगल्या शालीच्या किमतीपेक्षा कमीच.

आता खऱ्या तंट्याकडे येऊ. १७ मार्च २०२० रोजी पुरातत्त्व खात्याची सर्व स्मारके बंद झाली. वेरूळची लेणी डिसेंबरात उघडली. समजा एका दुकानदाराचे भाडे ९,००० आणि डिपॉझिट दीड लाख होते. त्याने कुलूप लावले, घरी गेला आणि डिसेंबरच्या मध्यास गाळा सोडला. घरमालकाने नऊ महिन्यांचे ८१,००० आणि रंग व शटरचे २५,००० कापून ४४,००० पुढे केले. दुकानदाराचे म्हणणे, गिऱ्हाईकच नव्हते तर भाडे कसले?

हे म्हणणे मनाला पटते, कोर्टात मात्र टिकणे अवघड. दिल्लीच्या खान मार्केटमधील एका दुकानाबाबत असाच प्रश्न आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये टाळेबंदीचे भाडे माफ केले नाही; भरण्यास थोडी सवलत मात्र दिली. अशा आपत्तीत भाडे थांबेल अशी अट करारात असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर जागा ताब्यात ठेवली तोपर्यंत भाडे चढत राहते.

त्याच दुकानदाराने जूनमध्ये एक महिन्याची लेखी सूचना देऊन ३१ जुलैला चावी दिली असती तर साडेचार महिन्यांचे ४०,५०० लागले असते. म्हणजे चावी दिल्याच्या एका कागदाची किंमत येथे ४०,५०० रुपये होते. चावी हातात ठेवून ‘आधी डिपॉझिट द्या’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचा राग आम्हाला समजतो, पण ‘डिपॉझिट व ताबा एकाच वेळी’ अशी अट करारात नसेल तर हा हट्ट बहुधा दुकानदाराच्याच अंगावर येतो. ही अट सुरुवातीलाच घालून घ्यावी. घरमालक चावी घेत नसेल तर तारीख घालून पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे.

रंग व शटरचे २५,००० मात्र घरमालकाला सहज कापता येत नाहीत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेकरूने जागा पूर्वीच्या स्थितीत परत द्यायची, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून. रंग उडणे ही झीज. भिंत फोडणे हे नुकसान. गाळा घेताना व सोडताना फोटो काढले असतील तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो. आपण बसविलेली फळ्यांची मांडणी न्यायची असेल तर चावी देण्यापूर्वी न्यावी व जागा मूळ स्थितीत करून द्यावी. तो हक्क ताबा असेपर्यंतचा आहे. असा हिशेब धरला तर वरच्या दुकानदाराचे येणे ४४,००० नव्हे, ६९,००० होते.

‘मुदतीपूर्वी सोडल्यास डिपॉझिट जप्त’ असे छापील करारात असते. ते वाचून घाबरू नये. करार कायद्याचे कलम ७४ आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा फतेहचंद निकाल असे सांगतात की, अशा अटीखाली फक्त वाजवी भरपाई मिळते, ठरविलेली सर्व रक्कम आपोआप नव्हे.

दाव्याची मुदत तीन वर्षे. करोनाकाळातील १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ ही मुदत सर्वोच्च न्यायालयाने वगळली होती, तरीही त्या वेळी सोडलेल्या गाळ्यांचे दावे आता बहुधा मुदतबाह्य झाले आहेत. मुदत संपण्यापूर्वी घरमालकाने सही करून देणे कबूल केले असेल तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. म्हणून ‘हंगाम झाला की देतो’ असे तो म्हणाला तर तेवढेच दोन ओळींत लिहून सही घ्यावी.

चेक दिला आणि वटला नाही, तर बँकेचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पंधरा दिवसांची वाट आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार. एक तारीख चुकली की काम अडते. चेक तीन महिनेच चालतो, हेही ध्यानात असावे.

तथापि थेट दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याचा आमचा सल्ला आहे. तेथे तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नाही आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. जाताना करार, पावत्या, चावीचे पत्र व फोटो बरोबर न्यावेत.