विरंगुळा हे पाप आहे का?



नोव्हेंबर महिना आला की आपण फुले आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातो. २०२० आणि २०२१ साली ज्यांना मूठमाती दिली, त्यांच्या कबरींजवळ गेली काही वर्षे एक वेगळीच खंत माझ्या कानावर पडते. "फादर, भाऊ कोविड सेंटरमध्ये होता आणि आम्ही घरात लुडो खेळत होतो. हसतसुद्धा होतो." कोणी भावाविषयी बोलते, कोणी आईविषयी, स्वर मात्र अपराध्याचा असतो. म्हणून या रविवारी या विषयाचा थोडा अभ्यास करू या. दुःखाच्या दिवसांत माणसाने मन रमवले, तर त्याचे काही चुकले काय?

ते दिवस आठवा. २२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. २१ दिवसांची म्हणून आलेली ती मुदत वाढत वाढत मे अखेरपर्यंत गेली. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण चर्चची दारे लावून पार पडले. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. आपल्या वसईत एका मयताला सारी आळी लोटते, तिथे वीस माणसे! लोकल बंद, त्यामुळे मोगरा दादरला न्यायचा कसा? तो वाडीतच सुकला.

अशा वेळी घरात बसून माणसे काय करत होती? एका आजींनी खिडकीपुढच्या जास्वंदीतल्या बुलबुलाच्या घरट्यावर तीन आठवडे पहारा ठेवला. अंडी तीन, पिल्ले दोन, हा हिशेब त्या मला फोनवर देत आणि मीही, खरे सांगतो, त्या फोनची वाट पाहत असे. काही दिवस पेपर घरी येत नव्हता, तर एका निवृत्त मास्तरांनी रद्दी उपसून राहिलेली शब्दकोडी सोडवली. कोणी माळ्यावरच्या बरण्या घासल्या, कोणी लग्नाचे अल्बम काढले. २८ मार्चपासून दूरदर्शनवर 'रामायण' मालिका पुन्हा लागली, तीही आपल्या कितीतरी घरांत पाहिली गेली. लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे दाटीवाटीने बसून ती पाहिलेले आता मुलांना पात्रे ओळखून दाखवत होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) हा फ्रेंच विचारवंत अभ्यासाला होता. विरंगुळ्यावर त्याच्याइतकी कडक टीका क्वचितच कोणी केली असेल. शिकार, जुगार, गप्पाटप्पा यांच्यामागे माणूस धावतो, कारण त्याला स्वतःच्या मरणाचा विचार टाळायचा असतो, असे त्याचे म्हणणे. मुद्दा खोटा नाही. पण २०२० साली मरणाचा विचार टाळता येत होता कुठे? रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा आणि फोन उघडला की श्रद्धांजली! त्या घरातली माणसे मरण विसरायला सोंगट्या हलवत नव्हती. ते सतत समोर असताना तासभर मोकळा श्वास घेता यावा, म्हणून खेळत होती. पास्कलच्या टीकेत या माणसांना जागा नाही, असे मला वाटते.

आणि गंमत पाहा. १६५८ साली या पास्कलची दाढ एका रात्री असह्य दुखू लागली. मन दुसरीकडे वळवावे म्हणून तो एक गणित घेऊन बसला. बैलगाडीचे चाक पुढे सरकताना त्याच्या धावेवरचा एक ठिपका हवेत जी वक्ररेषा काढतो, तिचे ते गणित. त्यात तो असा रमला की दाढदुखी थांबली, असे त्याच्या घरच्यांनी लिहून ठेवले आहे. आपल्या मास्तरांनी शब्दकोडी सोडवली, त्याहून हे काय वेगळे?

संत थॉमस अक्वायनस या बाबतीत जास्त दयाळू आहेत. तेराव्या शतकात लिहिलेल्या आपल्या 'सुम्मा' या महाग्रंथात त्यांनी दुःखावरचे उपाय एकेक करून तपासले आहेत: सुख, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि शेवटी झोप व आंघोळ. होय, आंघोळ! दुःख शरीरालाही जखडून टाकते, तेव्हा शरीराला पुन्हा ताळ्यावर आणणारी गोष्ट दुःखही हलके करते, असा त्यांचा सरळ विचार. ते पुढे असेही मानतात की, कोणतेही सुख कोणत्याही दुःखाला थोडा उतार देते. थकव्याला विश्रांतीने मिळावा तसा. म्हणजे भावाच्या आजाराचे दुःख हलके व्हायला भावाचीच बातमी यावी लागते असे नाही, बुलबुलाचे पिल्लूही पुरते. अश्रू आणि सुख त्यांनी एकाच यादीत शेजारी शेजारी बसवले आहेत, हे विसरू नका. संध्याकाळी लुडो खेळताना हसलेली बहीण रात्री उशीत तोंड खुपसून रडलीही असेल. एक खरे आणि दुसरे खोटे, असे कोण म्हणेल?

मग सगळेच विरंगुळे सारखे काय? नाही. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले इग्नेशियस लोयोला घरी खाटेवर पडून होते. त्यांनी वाचायला शूर सरदारांच्या कथा मागितल्या. घरात होती ती ख्रिस्तचरित्राची आणि संतचरित्रांची पुस्तके. पडल्या पडल्या ते दोन्ही प्रकारची स्वप्ने रंगवत. रंगवताना दोन्ही गोड लागत. पण एक संपले की मन कोरडे पडे आणि दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिकून राही. ही कसोटी आपल्यालाही वापरता येते. टाळेबंदीत मध्यरात्रीपर्यंत रुग्णांचे आकडे आणि फॉरवर्ड चाळत बसणे, यालाही आपण वेळ घालवणेच म्हणत होतो. पण त्यानंतर झोप येत होती का?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आपल्या धर्मग्रामात मात्र काही घरांत टाळेबंदी अजून उठलेली नाही. कोणाला अर्धांगवायू, कोणाचे गुडघे, कोणाचे डायलिसिस. पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घेऊन जातो, तेव्हा दिसते की भेटायला येणारे शुगर विचारतात, बीपी विचारतात, रोझरीचे एक दशक म्हणतात आणि निघतात. प्रार्थना कराच. पण नंतर अर्धा तास बसा. कोणाच्या वाडीत काय लावले, कोणाच्या घराचा स्लॅब पडला, बाजारात बोंबील काय भावाने गेला, हे सांगा. एक डाव मांडा आणि मुद्दाम हरू नका, आजारी माणसाला ते लगेच कळते. घरात पत्त्यांचा कॅट नसेल, तर पॅरिश ऑफिसमध्ये दोन आहेत. एकातली बदामची सत्ती तेवढी हरवली आहे.