सांकेतिक बोलीस प्रतिपक्षाचा डबल

मेंढीकोट आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. त्यांत भिडूच्या हातीं काय आहे, हें खेळ चालूं झाल्यावरच उमगत जातें. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्यें मात्र पहिलें पान पडण्यापूर्वींच दोघां भिडूंनीं आपल्या पानांची कल्पना बोलींच्या द्वारें एकमेकांस द्यावयाची असते. हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्ट यांनीं १९२५ सालीं एका जलप्रवासांत या खेळाची नवी गुणपद्धति सिद्ध केली. २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा समावेश झाला, तेव्हां पुरुष-जोडीचें सुवर्णपदक प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या भारतीय जोडीनें मिळविलें. अशा या खेळांतील एका नाजूक प्रसंगाचा आपण येथें विचार करूं.

बोली लावणाऱ्यापाशीं शब्दांचें भांडवल फारच थोडें असतें. सात पायऱ्या व प्रत्येकीवर पांच प्रकार मिळून पस्तीस बोली. शिवाय पास, डबल व रिडबल. एवंच अडतीस शब्द. म्हणून कांहीं बोलींस निराळा सांकेतिक अर्थ देण्याची प्रथा पडली. सॅम्युएल स्टेमन यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलेला संकेत त्यांपैकींच होय. एका भिडूनें ‘एक बिनहुकमी’ अशी बोली केली असतां दुसरा ‘दोन किलवर’ म्हणतो. त्याचा किलवरांशीं कांहींएक संबंध नसतो. ‘तुजपाशीं इस्पिकचीं किंवा बदामचीं चार पानें आहेत काय?’ एवढाच तो प्रश्न असतो.

पूर्वीं गुरांच्या बाजारांत व्यापारी रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें धरून भाव ठरवीत. भोंवतालच्यांस तो कळूं नये हाच त्यांतील हेतु. ब्रिजचा नियम याच्या अगदीं उलट आहे. आपल्या संकेताचा अर्थ प्रतिपक्षास सांगणें हें खेळाडूचें कर्तव्य होय. मग प्रतिपक्ष त्या ज्ञानाचा लाभ घेणारच. ज्याच्यापाशीं किलवरचीं बळकट पानें असतील, तो ‘दोन किलवर’ या बोलीस तत्काळ डबल देतो, आणि त्या डबलानें आपल्या भिडूस ‘उतारी किलवरची कर’ असें सुचवितो.

नवशिका खेळाडू येथें गोंधळतो. डबल जणूं ऐकलाच नाहीं अशा रीतीनें तो ठरीव उत्तर देऊन मोकळा होतो. परंतु शांतपणें पाहिल्यास डबलानें आपलें कांहींच हिरावलेलें नसतें. उलट दोन शब्द अधिक मिळालेले असतात. डबलापूर्वीं पास म्हणण्याची सोय नव्हती. आतां पास म्हटलें तरी भिडूची पाळी पुन्हां येणारच आहे. आणि रिडबल हा तर अगदींच नवा शब्द आहे. म्हणून पुढील अर्थ ठरवून ठेवावे:

१. किलवरांस अटकाव असेल, तरच नेहमींचें उत्तर द्यावें.
२. अटकाव नसेल, तर पास म्हणावें. मग भिडूनें रिडबल केल्यास तोच प्रश्न पुन्हां विचारला असें समजावें.
३. किलवरचीं चार-पांच उत्तम पानें असतील, तर आपण होऊन रिडबल करावें.

उदाहरण घेऊं. समजा, उत्तर-दक्षिणेस सातारचे व पूर्व-पश्चिमेस सांगलीचे विद्यार्थी बसले आहेत. उत्तरेपाशीं इस्पिकचीं राजा, राणी, चौकी. बदामचीं एक्का, गुलाम, तिर्री. चौकटचीं एक्का, राणी व तीन लहान पानें. आणि किलवरचीं दोन लहान पानें आहेत. दक्षिणेपाशीं इस्पिकचीं एक्का, गुलाम, दश्शी, दुर्री. बदामचा राजा व तीन लहान. चौकटचा राजा व एक लहान. आणि किलवरचीं तीन लहान पानें आहेत. पश्चिमेपाशीं एक्क्यासह किलवरचीं वरचीं पांचही पानें आहेत, म्हणून तो डबल देतो.

उत्तरेनें सवयीनें ‘दोन चौकट’ म्हणून चार पानें नसल्याचें सांगितलें, तर दक्षिणेस धोका दिसत नाहीं. तो ‘तीन बिनहुकमी’ पर्यंत जातो. पूर्व किलवरची उतारी करतो, सांगलीकर एकामागून एक पांच हात नेतात, आणि नवांच्या जागीं आठच हात उरून डाव एका हातानें बुडतो.

आतां ठरावाप्रमाणें पाहूं. उत्तर पास म्हणतो. दक्षिण रिडबल करतो. उत्तर ‘दोन चौकट’ म्हणतो. किलवर उघडे आहेत हें दक्षिणेस आतां निश्चित कळलें. तो ‘तीन इस्पिक’ म्हणून आपलीं चार पानें दाखवितो व उत्तर ती बोली चारपर्यंत नेतो. किलवरचे दोन हात जातात. तिसरा उत्तरेची चौकी हुकूम म्हणून मारते. मग इस्पिकचे चार, चौकटचे तीन व बदामचे दोन, असे एकूण दहा हात होतात. हुकूम अवघे सातच, व ते प्रतिपक्षांत चार-दोन असे विभागलेले असले, तरी हें साधतें. पानें तींच, फरक एका ‘पास’चा.

रिडबलाचेंही मोल जाणावें. वल्नरेबल नसतांना ‘दोन किलवर’ रिडबल होऊन बरोबर आठ हात झाले, तर हातांचे १६०, डावाचे ३०० व बक्षिसाचे १०० मिळून ५६० गुण होतात. ‘तीन बिनहुकमी’ पुरी केल्यास ४०० च मिळतात. यामुळें प्रतिपक्षही पुढें विचार करूनच डबल देतो.

मात्र हे अर्थ खेळास बसण्यापूर्वींच ठरलेले पाहिजेत. ऐन वेळीं एकानें ‘पास’चा अर्थ एक घेतला व दुसऱ्यानें दुसरा, तर हातीं किलवरचीं पांचच पानें असतां तोच हुकूम घेऊन खेळण्याचा प्रसंग ओढवतो. तशा वेळीं डोळ्यांनीं खुणावणें अथवा स्वर बदलून सुचविणें हें निव्वळ लबाडीचें होय. भिडूस जें सांगावयाचें तें बोलीनेंच सांगावें, व त्या बोलीचा अर्थ प्रतिपक्षानें विचारल्यास निःसंकोच कथन करावा. म्हणून विद्यार्थिमित्रांनीं पानें वांटण्यापूर्वीं आपल्या भिडूस एवढें अवश्य विचारावें: ‘आपल्या संकेतास डबल आला, तर आपल्या पासचा अर्थ काय, आणि रिडबलाचा काय?’