जाळ्यात आलेला चिलखती मासा : नवी जात की परका पाहुणा?

राजमाचीच्या डोंगराळ भागातून निघून कर्जतमार्गे कुळगाव-बदलापूरला येणाऱ्या उल्हास नदीवर मासेमारी करणाऱ्यांना तेथील मासे पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. असे असता अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असलेला मासा जाळ्यात आल्यास तो नव्या जातीचा आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अपरिचित मासा म्हणजे नवी जात नव्हे.

ओळख कशी पटवावी?

शिंगाळा, शिवडा, मागूर इत्यादी आपल्याकडील मिशांच्या माशांची कातडी उघडी व गुळगुळीत असते. चिलखती माशाच्या अंगावर कठीण पट्ट्यांच्या रांगा असतात. त्याचे तोंड डोक्याखाली असून ओठांची गोल चकती बनलेली असते. त्यामुळे तो दगडास चिकटतो; म्हणून त्यास सकर मासा म्हणतात. पाठीच्या परात काट्यामागे नऊ किंवा अधिक मऊ काड्या असल्यास तो बहुधा टेरिगोप्लिक्थिस वंशातील असतो. या वंशाचे मूळ घर दक्षिण अमेरिका होय. काचेच्या पेटीतील शेवाळ खातो म्हणून तो शोभेसाठी आणला गेला. वाढल्यावर पेटीत मावेनासा झाला की लोक त्यास पाण्यात सोडून देतात. भीमा नदीवरील उजनी जलाशयात हे मासे जाळ्यात आल्याच्या नोंदी आहेत.

नवी जात कशी ठरते?

पूर्वी वर्णिलेल्या सर्व जवळच्या जातींशी नमुन्याची तुलना करावी लागते. काड्यांची व पट्ट्यांची संख्या आणि अंगाची मापे घेतली जातात. भेद निश्चित झाल्यावर द्विपदी नाव देऊन वर्णन प्रसिद्ध करतात व आधारभूत नमुना संग्रहालयात ठेवतात. दख्खनमधील ग्लिप्टोथोरॅक्स लोना या दगडास चिकटणाऱ्या माशाचे वर्णन साइक्स यांनी १८३९ मध्ये केले. त्याच वंशातील पुण्याच्या माशाला सुंदरलाल होरा यांनी १९३८ मध्ये पूनाएन्सिस हे नाव दिले. दोन्हींमध्ये सुमारे १०० वर्षांचे अंतर आहे; यावरून हे काम किती सावकाशीचे आहे ते दिसून येईल. चिलखती माशांत तर दोन जातींचा संकर होत असल्याने केवळ पोटावरील ठिपके वा नागमोडी रेघा पाहून जात सांगणे धोक्याचे ठरते.

हानी कोणती?

हा मासा काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो व नर त्यांची राखण करतो. त्यामुळे शेततळ्याचे व कालव्याचे मातीचे बांध पोखरले जातात. काट्यांमुळे जाळी फाटतात. शेवाळ व तळातील गाळ खाऊन तो इतर माशांच्या अन्नात वाटेकरी होतो. पोटातून हवा घेण्याची सोय असल्याने कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो तग धरतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. अशा पुरात तळ्यातील एक मासाही नदीत जाण्यास वेळ लागत नाही.

काय करावे?

१. मासा पुन्हा पाण्यात सोडू नये. तो पाण्याबाहेर बराच काळ जिवंत राहतो, म्हणून काठावर टाकून देऊ नये. मारून खड्ड्यात पुरावा.

२. एक नमुना बर्फात ठेवावा. जागा, दिनांक व जाळ्याचा प्रकार लिहून बाजूने, वरून व पोटाकडून छायाचित्रे घ्यावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी.

३. नमुना मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयास दाखवावा. जात ठरविण्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पुणे येथील केंद्र अथवा मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांचे साहाय्य घेता येते.

४. शेततळ्याच्या पाणी येण्या-जाण्याच्या वाटांवर बारीक जाळी बसवावी. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर काठाची बिळे तपासून बुजवावीत.

५. कातडी उघडी असलेला स्थानिक मासा गैरसमजाने मारू नये.

खात्री करून घेतलेली एक नोंद ऐकीव शंभर गोष्टींपेक्षा अधिक मोलाची आहे. नवी जात मिळाली नाही तरी हरकत नाही. परका मासा वेळीच ओळखला गेला, तर नदीतील आपले मासे व शेततळ्याचा बांध दोन्ही वाचतील.