पण फी कोणी भरली?



एप्रिलमध्ये वर्गात आंबेडकर जयंतीची भाषणं चालू होती. "बाबासाहेब अमेरिकेत शिकले, लंडनला बॅरिस्टर झाले," असं एक मुलगी धडाधड म्हणून गेली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण फी कोणी भरली?" मी म्हटलं, बडोद्याच्या महाराजांनी. उत्तर अर्धंच होतं, हे घरी वाचायला बसल्यावर कळलं.

सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्यासाठी करार झाला होता : परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. त्यातून कोलंबिया विद्यापीठ झालं आणि १९१६ मध्ये लंडनला ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी नावही घातलं. मुदत संपली, १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला गेले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाईही फायली लांबून टाकायचे. शेवटी मुंबईला परत आले. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. म्हणजे कायद्याच्या शेवटच्या टप्प्याचे पैसे शिक्षकाच्या पगारातलेही होते! (हे वाचून मला जरा बरंच वाटलं.)

हे सगळं आठवायचं कारण आमच्या ठाकूरद्वारच्या एक पालक. त्यांची थोरली मुलगी पदवीनंतर दोन वर्षं एका संस्थेतर्फे वस्तीतल्या मुलांना शिकवत होती. आता तिला एलएलबी करायचंय. आई म्हणाली, "बाई, बरोबरीच्या मुली नोकरीत पुढे गेल्या. हिची दोन वर्षं फुकट गेली ना?"

मी लगेच 'नाही' म्हटलं नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळं उत्तर मिळतं. अध्यक्ष केनेडींनी १९६१ मध्ये पीस कोअर सुरू केलं : साधारण दोन वर्षं परदेशात जाऊन सेवा करायची. आपल्याकडेही हे लोक आले होते. जिमी कार्टर अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १९६६ मध्ये, त्यांच्या आई लिलियन वयाच्या ६८व्या वर्षी आल्या आणि विक्रोळीत दवाखान्यात परिचारिका म्हणून राबल्या. अशा परतलेल्या स्वयंसेवकांसाठी १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात, म्हणजे कोलंबियाच्याच आवारात, फेलोशिप सुरू झाली. पहिल्यांदा ती शिक्षक घडवण्यासाठी होती. पुढे इतर विद्यापीठं आली, काही कायद्याची महाविद्यालयंही. फीमध्ये सवलत मिळते, पण शिकता शिकता तिथल्या गरजू वस्तीत कामही करावं लागतं. बडोद्याच्या करारात आधी शिक्षण आणि नंतर सेवा होती. इथे सेवा आधी झालेली असते. मला हा क्रम जास्त पटतो, कारण माणूस काय करू शकतो ते आधी दिसतं. एकविशीतल्या मुलाकडून पुढच्या दहा वर्षांचं वचन घेण्यापेक्षा हे बरं.

आपल्याकडे तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश सीईटीच्या गुणांवर मिळतो. त्या यादीत तिची दोन वर्षं मोजली जात नाहीत, हे मी आईला स्पष्ट सांगितलं. उगाच आशा कशाला लावायची? पण मुलीला मी दोन गोष्टी सांगितल्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणून काम करता येतं, त्यासाठी वकील असावं लागत नाही. आणि कायद्याच्या कॉलेजांत मोफत सल्ला केंद्र चालतं. शाळेचा दाखला मिळत नाही, रेशनकार्डावर नाव नाही, असे पालक तिने दोन वर्षं रोज पाहिलेत. तिथे ती पहिल्या दिवसापासून कामाची ठरेल.

आणि कुठलाही शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, मागचं पान आधी वाचा म्हटलं. बदल्यात काय द्यायचंय ते तिथे बारीक अक्षरात असतं.

सीईटीचा फॉर्म आम्ही शाळा सुटल्यावर वर्गात बसून भरला. 'अनुभव' असा रकानाच नव्हता. आईने दोनदा शोधला.