कोळपणीसाठी जुना ट्रॅक्टर उंच करताना

मृग ७-८ जूनला लागेल. नांगरट, वखरणी उरकत आली आहे आणि पेरणीला अजून अवकाश आहे. ट्रॅक्टर मिस्त्रीकडे लावायचा तर तो आत्ताच. जुलैत मका गुडघ्याला लागल्यावर आणि तण हाताबाहेर गेल्यावर हे काम होत नाही, झालंच तर घाईत आणि कच्चं होतं.

नाशिक जिल्ह्यात बऱ्याच घरी असं चित्र आहे की नांगरट आणि रोटाव्हेटरला नवा ट्रॅक्टर आला आणि जुना बी-२७५, मॅसी १०३५, एचएमटी किंवा आयशर शेडमध्ये उभा राहिला. इंजिन चांगलं आहे, कर्ज कधीच फिटलं आहे, विकायला काढला तर किंमत येत नाही. दुसरीकडे निंदणीला बाया मिळत नाहीत आणि बैलजोडी सांभाळणारी घरंही कमी होत चालली आहेत. येवला, सिन्नर, चांदवडकडे मका-सोयाबीन आणि मालेगाव-नांदगावकडे कपाशी करणाऱ्यांनी हा जुना ट्रॅक्टर फक्त उभ्या पिकातल्या कामाला, म्हणजे कोळपणी, खत आणि फवारणीला, वाहून टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे. ‘फक्त’ या शब्दावर माझा भर आहे. त्याचं कारण पुढे येईल.

द्राक्षबागायतदारांची गरज याच्या नेमकी उलटी असते. त्यांना मांडवाखालून जाणारा बुटका आणि अरुंद ट्रॅक्टर लागतो. त्यामुळे पिंपळगाव, दिंडोरी पट्ट्यातल्या बागेसाठी हा लेख नाही.

ओळीत चालणारा उंच ट्रॅक्टर ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९२४ साली ‘फार्मॉल’ बाजारात आणला, तो मका-कपाशीच्या ओळींवरून जाता यावं म्हणूनच. पुढची दोन चाकं जवळजवळ, मागची उंच आणि एकमेकांपासून लांब, पोट वर. याच कंपनीच्या भागीदारीत १९६३ साली महिंद्रने ट्रॅक्टरनिर्मितीत पाऊल टाकलं आणि बी-२७५ आपल्या शिवारात आला. पण तो सर्वसाधारण कामाचा होता, नांगरट आणि ओढकाम धरून बनवलेला, म्हणून त्याचं पोट खाली. त्याच्याकडून फार्मॉलचं काम करून घ्यायचं तर काय बदलायचं आणि काय नाही, हे नीट ठरवावं लागतं.

वेल्डिंग मशीन सुरू करण्याआधी टेप घ्या. ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा करा, चाकांत हवा बरोबर भरा आणि खाली वाकून सगळ्यात खालचा भाग कोणता ते शोधा. तुम्हाला वाटतं तो चेंबर किंवा गिअरबॉक्स असेल, पण पुष्कळदा तो ड्रॉबारचा लोंबता ब्रॅकेट, ट्रॉलीच्या हुकाची कोणीतरी मागे जोडलेली जाड पट्टी, वाकलेला पायदान किंवा खाली आलेली साखळी निघते. हे काढून ठेवलं की एक पैसा न खर्चता काही इंच मिळतात. मग चेंबर आणि गिअरबॉक्सखालच्या बोल्टांच्या टोकांवरून गुळगुळीत पत्रा मारा. शेंडा पोटाला नुसता घासला तर झाड पुन्हा उभं राहतं, बोल्टात अडकला तर मोडतं. चेंबरच्या पत्र्याला तेल सोडायच्या नटापुरतं भोक ठेवा आणि तो चार बोल्टांवर सुटेल असा बसवा, नाहीतर आत अडकलेला वाळला पाला गरम चेंबरला लागून राहील.

यानंतर ओळीचं गणित, आणि ते पेरणीआधीच जुळवायचं. सोयाबीन ४५ सेंमीवर असेल तर मागच्या चाकांमधलं मध्य ते मध्य अंतर १३५ सेंमी ठेवा. तीन ओळी पोटाखाली येतात आणि दोन्ही चाकं बरोबर दोन ओळींच्या मधून जातात. मका ६० सेंमीवर असेल तर १२० सेंमी, ७५ वर असेल तर १५०. दोन्हीत दोन ओळी पोटाखाली. कपाशी ९० सेंमीवर असेल तर १८० सेंमी लागतात आणि तेवढं रुंदीकरण प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरला जमत नाही. फर्ग्युसनच्या घराण्यातल्या ट्रॅक्टरांत रिम आणि डिस्क उलटसुलट करून ४-४ इंचांनी रुंदी बदलायची सोय मुळातच होती. तुमच्या ट्रॅक्टरची पुस्तिका किंवा रिमवरचे लग पाहा. पुढचा अॅक्सलही तेवढाच सरकवा आणि सरकवल्यावर टाय रॉड लावून टो-इन पुन्हा तपासा.

इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पोटाखाली दोन ओळी आल्या तर त्या गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंनी, अॅक्सलच्या नळ्यांखालून जातात आणि तिथे उंची जास्त असते. एक किंवा तीन ओळी आल्या तर मधली ओळ थेट चेंबरखाली जाते. म्हणून कपाशी ४ फुटांवर लावून एकच ओळ पोटाखाली घेणाऱ्याला सगळ्यात जास्त उंची लागते, आणि ७५ सेंमीच्या मक्यात दोन ओळी घेणाऱ्याला त्यापेक्षा पुष्कळ कमी. ओळींची आखणी बदलली तर उंची वाढवायची गरजच टळू शकते.

पेरणीयंत्राच्या दोन फेऱ्यांच्या सांध्यात अंतर हमखास कमीजास्त होतं. कोळप्याने एका वेळी तेवढ्याच ओळी घ्या जेवढ्या पेरणीयंत्राने टाकल्या, म्हणजे सांधा कोळप्याच्या कडेला येईल आणि मधे आलेल्या ओळीवर दाता चढणार नाही.

किती उंची हवी?

पीक काढणीला किती उंच असतं यावरून हे ठरत नाही, शेवटच्या कोळपणीला किती उंच असतं यावरून ठरतं. तणाचा खरा मार पहिल्या ४०-४५ दिवसांत बसतो. सोयाबीन फुलावर यायच्या आत कोळपून मोकळं व्हायचं असतं, फुलांत ट्रॅक्टर घातला तर फुलं झडतात. तेव्हा त्याला पोट साफ केलेला मूळ ट्रॅक्टर बहुतेक वेळा पुरतो. मक्याचा वाढीचा कोंब सुरुवातीचे तीनेक आठवडे जमिनीखाली असतो, त्यामुळे पानं दबली तरी झाड सावरतं. पुढे दांडा वर आला आणि पेरावर मोडला की ते ताट गेलंच. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली देशात आल्यापासून मक्याच्या पोंग्यात तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात औषध पोहोचवावं लागतं, आणि नेमक्या याच दिवसांत उंची कमी पडते. कपाशीला दोन महिन्यांपर्यंत आत जावं लागतं, म्हणून गरज सगळ्यात जास्त तिची.

कोळपणीची वेळही महत्त्वाची. पहाटे पानं, दांडे पाण्याने टरटरलेले असतात आणि कडाकडा मोडतात. दुपारी ऊन खाऊन झाड थोडं मऊ पडलेलं असतं, तेव्हा तेच झाड वाकून सरळ होतं. वाफसा नसताना मात्र कोणत्याही वेळी आत जाऊ नका, काळ्या जमिनीत तर नाहीच.

टायर आधी, गिअर नंतर

टायरचा व्यास ४ इंच वाढला तर पोट २ इंचच वर जातं, हे लक्षात ठेवून अपेक्षा धरा. १२.४-२८ या मापात पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. ४५ सेंमीच्या ओळीत हा साडेएकतीस सेंमी रुंद टायर गेला तर दोन्हीकडे जेमतेम पावणेसात सेंमी उरतात, म्हणजे चालकाचा हात जरा हलला की ओळ चिरडली. ९.५ इंच रुंदीचा टायर उंच रिमवर घेतला तर दोन्हीकडे दहा-साडेदहा सेंमी मिळतात आणि पोटही वर जातं. मात्र अरुंद टायर कमी वजन पेलतो. कंपनीच्या तक्त्यातला भार आणि त्याला लागणारी हवा पाहूनच माप ठरवा. मोठ्या टायरने प्रत्येक गिअरमधला वेग वाढतो आणि ओढ कमी होते. कोळपणीला ओढ फारशी लागत नाही, पण सगळ्यात खालचा गिअर रोपं झाकली न जाण्याइतका संथ राहतो का ते पाहून घ्या.

फक्त मागचं उंच करून चालत नाही. नाक खाली झुकलं की किंगपिनचा मागे असलेला झुकाव कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटायला लागतं. चेंबरच्या तेलाची पातळीही काडीवर चुकीची दिसते. पुढे उंची वाढवायची तर लांब स्पिंडल लागतो आणि सगळ्यात जास्त जुगाड इथेच होतो. जुना स्पिंडल कापून मधे तुकडा घालून वेल्ड करणं म्हणजे भर शेतात चाक निखळायची तयारी आहे. स्पिंडल जितका लांब तितका खालच्या कोपऱ्यावर वाकवणारा ताण वाढतो. तो एकसंध फोर्ज केलेला, इएन १९ सारख्या पोलादाचा आणि हीट ट्रीटमेंट झालेलाच हवा. आपल्या जिल्ह्याचं भाग्य असं की सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. गावातल्या लेथवर पैसे वाचवण्यापेक्षा हे काम तिथे करून घ्या.

मागे टायरपेक्षा जास्त उंची हवी असेल तर अॅक्सलच्या टोकाला खाली उतरणारी गिअरपेटी किंवा साखळीपेटी लावतात. हे काम सर्वांत खर्चिक आणि सर्वांत अवघड. दोनच गिअर असतील तर चाक उलटं फिरतं. मग पुढचे गिअर मागे नेतात आणि मागचा पुढे. त्यावर तिसरा मधला गिअर घाला, नाहीतर क्राउन दुसऱ्या बाजूला बसवा. साखळीत ही अडचण येत नाही, पण तिला ताण द्यायची सोय आणि तेलाची बंद पेटी लागते. चाक जोराने फिरतं तेव्हा ती पेटी उलट्या दिशेला फिरायला पाहते, म्हणून तिला अॅक्सलच्या नळीशी भक्कम आधार द्यावा लागतो. नुसत्या चाकाच्या बोल्टांवर ती टिकत नाही. ब्रेक तुमच्या ट्रॅक्टरमध्ये कुठे आहेत आणि नव्या पेटीने त्यांच्या जागेत अडथळा येतो का, हे मिस्त्रीला आधी विचारा. अशी पेटी मी फक्त कपाशीवाल्याला आणि भाड्याने फवारणी करणाऱ्याला सुचवीन. मका-सोयाबीनवाल्याने टायर, स्पिंडल आणि साफ पोट यावर थांबावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. पेटीचा आराखडा तिथल्या यंत्रविभागाला दाखवून घेतलेला बरा.

कलंडण्याचं भय

समजा चाकांमधलं अंतर १३७ सेंमी आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमीवर. स्थिर उभा असताना तो कागदावर सुमारे ४४ अंशाला कलंडतो. २५ सेंमी उंच केला की तोच कोन ३६ अंशांवर येतो. प्रत्यक्षात पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, चाक खड्ड्यात जातं, वळण असतं, म्हणून खरा कोन याहून पुष्कळ कमी. त्यामुळे उंची वाढवली की रुंदीही वाढवायची, मागच्या टायरांत तीन-चतुर्थांश पाणी भरायचं, रोल बार आणि सीट बेल्ट बसवायचा आणि मडगार्डवर कोणालाही बसू द्यायचं नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या उताराच्या शेतांत हा ट्रॅक्टर नेऊच नका. बांधाकडे वळायला १५-२० फूट पट्टा मोकळा सोडा. एका ब्रेकवर झटक्यात वळवण्याची सवय उंच ट्रॅक्टरवर जिवावर बेतते.

कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात जायला हा ट्रॅक्टर वापरायचा नाही. ओढण्याचा बिंदू वर गेला की भरल्या ट्रॉलीच्या चढावर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. सुरुवातीला ‘फक्त’ म्हटलं ते यासाठी. ज्याच्याकडे एकच ट्रॅक्टर आहे त्याने पेटीच्या फंदात न पडता टायरांचे दोन जोड ठेवावेत आणि हंगाम संपला की जुने टायर, ड्रॉबार पुन्हा चढवावेत.

अवजारंही बदलावी लागतात. लिफ्टचे खालचे आर्म वर गेल्याने कोळप्याचे दाते जमिनीला लागत नाहीत. दाते किंवा कोळप्याची चौकट तेवढीच लांब करा, आर्म अखेरपर्यंत खाली सोडून काम भागवू नका. फवारणी पंपाचा पीटीओ शाफ्ट १५ अंशांच्या आत चालला पाहिजे, नाहीतर क्रॉस लवकर जातो. त्यावर संरक्षक नळी हवीच.

कागदाचं काम विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. एमएच-१५ असेल तर नाशिकच्या, एमएच-४१ असेल तर मालेगावच्या परिवहन कार्यालयात आधी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा, अपघातानंतर पहिला प्रश्न तिथूनच येतो.

मेअखेर काम झालं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात मोकळ्या शेतात दोरी लावून ओळी आखा आणि अवजारासह रिकामाच चालवून पाहा. तासाभराने चाकांचे, स्पिंडलचे, पेटीचे सगळे नट पुन्हा आवळा, दहा तासांनी परत. हबला हात लावून पाहा; एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापत असेल तर बेअरिंग घट्ट बसलं आहे किंवा सीलमधून तेल गेलं आहे. पेरणी व्हायच्या आत तो हब खोलून घ्या.