कोल्हापुरी चपलेचा करार आणि आपला कारागीर

व्यापारी व कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावा असा एक व्यवहार नुकताच आपल्या शेजारी घडला. जून २०२५ मध्ये इटलीच्या मिलान शहरात प्राडा या बड्या फॅशन कंपनीने आपल्या प्रदर्शनात थेट कोल्हापुरी घाटाची चप्पल मांडली. कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडले, वर्तमानपत्रांत ओरड झाली, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले.

याच कंपनीने २०१८ साली काळ्या लोकांची थट्टा वाटावी अशी खेळणी दुकानात मांडली होती. त्यावर गदारोळ होताच २०१९ मध्ये वर्णभेद टाळण्यासाठी तिने सल्लागार मंडळ नेमले. मंडळ नेमूनही सहा वर्षांनी आपल्या चपलेचे नाव गळालेच. म्हणजे नुसत्या सदिच्छेवर भरवसा ठेवून चालत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये मात्र लेखी करार झाला. दोन हजार जोड महाराष्ट्र व कर्नाटकात तयार व्हावेत, जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर असावी, कारागिरांना येथे प्रशिक्षण मिळावे आणि काहींना इटलीतील कंपनीच्या अकादमीत शिकायला पाठवावे, असे ठरले. करार झाला तो महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी.

त्यांच्याशीच का? कारण २०१९ मध्ये मिळालेले कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन या दोघांच्या नावावर आहे. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे येतात. काही वकिलांनी कारागिरांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. तुम्ही या मानांकनाचे मालक नाही, असे म्हणून न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली. तळमळ होती, पण कागद नव्हता.

चप्पल बनवणारे हात मुख्यतः चर्मकार बांधवांचे, कातडे कमावणारे ढोर समाजाचे. कच्च्या चामड्याच्या खरेदी-विक्रीत आणि चपलांच्या दुकानदारीत आपलेही लोक आहेत. इटलीवाल्यांवर रागवावे हे ठीक, पण आपल्या बाजारपेठेतल्या किती दुकानांत जोड शिवणाऱ्याचे नाव गिऱ्हाइकाला सांगितले जाते? लिडकॉमने आता चपलेवर क्यूआर कोड लावून कारागिराची माहिती देण्याचे ठरवले आहे. दुकानदारांनी त्याला हातभार लावावा.

हाच प्रश्न मिरजेत आपल्या दारात उभा आहे. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवण्याची कला उचलली आणि मिरजेचा तंबोरा देशभर नेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन संस्थेच्या नावावर असते. १९९९ च्या कायद्याप्रमाणे कारागिराला त्या नावावर स्वतःचा हक्क सांगायचा तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ती झाली की नक्कल करणाऱ्यावर तो स्वतः दावा लावू शकतो. हस्तकलेच्या मालाचा व्यापार करणाराही कायद्याच्या व्याख्येत उत्पादक म्हणून बसतो, ही गोष्ट आपल्या पुष्कळ व्यापाऱ्यांना ठाऊक नसते.

उद्या मोठी कंपनी किंवा फॅशनचे कॉलेज नमुने मागायला आले, तर चहापाण्यात हुरळून जाऊ नये. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याची ताकीद आहे. तीच शिस्त येथेही लावावी. नगाची मजुरी, आगाऊ रक्कम, मालावर आणि जाहिरातीत कारागिराचे व गावाचे नाव, नमुना पुन्हा वापरल्यास काय द्यायचे, शिकायला कोणाला पाठवायचे आणि त्या दिवसांची बुडालेली मजुरी कोण भरणार, हे सारे मराठीत लिहून घ्यावे. शेवटचे कलम विसरले तर गरीब कारागीर शिकायला जाऊच शकत नाही, सावकाराचा मुलगा तेवढा जातो.

नोंदणीचे कार्यालय चेन्नईला आहे. अर्जाची माहिती मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्या संस्थेकडून घ्यावी. नोंद जास्तीत जास्त दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण करावे लागते.